सातबाऱ्यावरचा देव: डोंगरावरच्या देवळाचं नेमकं काय कोणाचं?

चिपळूणजवळच्या परशुराम घाटात मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम रखडलं होतं, तेव्हा दरडी, चिखल आणि बंद वाहतूक यांच्या बातम्यांत एक वेगळी बातमी अधूनमधून डोकावायची. संपादन झालेल्या जमिनीचा मोबदला कोणाला द्यायचा, यावरून परशुराम आणि पेढे या गावांत वाद होता. एका बाजूला देवस्थान, दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणारी कुळं आणि मध्ये खोत, म्हणजे पूर्वी गावाचा सारा गोळा करणारं घराणं. मुंबईत ही बातमी वाचणाऱ्या कुठल्याही चाकरमान्याला साधा प्रश्न पडतो. देवाला पैसे कशाला? आणि जमीन देवाची म्हणजे मुळात कोणाची?

त्यात हा देव परशुराम. सगळी पृथ्वी त्याने कश्यपाला दान केली, दिलेल्या जमिनीवर राहायचं नाही म्हणून समुद्राला मागे हटवलं आणि कोकण निर्माण केलं, ही कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. ज्याने जमिनीवरचा हक्क सोडला त्याच्याच नावाने जमिनीचा वाद चालावा, याची गंमत वाटते खरी. पण वाद खोटा नाही, आणि एकट्या परशुरामचाही नाही. डोंगरावर देऊळ, पायथ्याशी वाड्या आणि मधल्या उतारावर 'देवाची जमीन' हे चित्र अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत दिसतं. म्हणून जरा मुळापासून पाहू.

देवस्थानात काय काय येतं

आपण देवस्थान म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर गाभारा येतो. प्रत्यक्षात पसारा बराच मोठा असतो.

अलिबागजवळ मापगावाहून कनकेश्वर चढायला लागलं की सातशेहून जास्त दगडी पायऱ्या लागतात. वाटेत नागोबाचा टप्पा, मग देवाची पायरी, गायमांडी आणि वर पोचल्यावर पुष्करणी. या पायऱ्या अठराव्या शतकात आंग्र्यांच्या अमलात झाल्या. राघोजी आंग्र्यांचे दिवाण गोविंद रेवादास यांचं नाव त्या कामासाठी घेतलं जातं. ज्याने बांधल्या त्याच्या वंशजांच्या त्या नाहीत आणि ग्रामपंचायतीच्याही नाहीत. देवासाठी दिल्या, म्हणून देवाच्या.

मार्लेश्वराला तर देवळाची इमारत म्हणावी अशी गोष्टच नाही. सह्याद्रीच्या कड्यातली गुहा आणि समोर धबधबा. तिथला सगळ्यात मोलाचा वारसा हातात धरता येत नाही. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचं लग्न लागतं. साखरप्याहून गिरिजादेवीची पालखी निघते, आंगवलीहून देवाची येते. कोणत्या गावाने काय करायचं, कोण पुढे चालणार, कोणाच्या हातून कोणता विधी होणार, हे सगळं ठरलेलं असतं. याला आपण मान म्हणतो. त्याची किंमत कोणी काढू शकत नाही, पण तो बिघडला तर जत्रा बिघडते. इथे कायद्याचा एक बारकावा सांगण्यासारखा आहे, कारण शिमग्यात पालखीवरून होणाऱ्या भांडणांत तो कामी येतो. नुसत्या मानासाठी दिवाणी दावा चालत नाही. तो मान एखाद्या पदाला, म्हणजे देवळातल्या ठरावीक सेवेच्या अधिकाराला, जोडलेला असेल तर चालतो.

आणि परशुरामच्या डोंगरावरचं देऊळ. घुमट पाहिले की पहिल्यांदा येणारा माणूस थबकतो, कारण बांधणीवर मुसलमानी वास्तुशैलीची छाप उघड दिसते. देवळाच्या बांधकामाला एका मुसलमान बेगमेने पैसा दिला, असं तिथली परंपरा सांगते. पुढे ब्रह्मेंद्रस्वामींच्या काळात, म्हणजे पहिल्या बाजीरावाच्या जमान्यात, या स्थानाचा बोलबाला वाढला. १७२७ साली जंजिऱ्याच्या सिद्दीचा अंमलदार सिद्दी सात याने देऊळ लुटलं आणि स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले. देऊळ लुटलं गेलं, तरी देवस्थान संपलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्याला तेल घालते ती जमीन. नंदादीप, नैवेद्य, वाजंत्री, गुरवाची सेवा, पावसाळ्याआधी कौलं चाळणं, पाखाडीचे, म्हणजे दगडी पायवाटेचे, निसटलेले चिरे बसवणं, या रोजच्या खर्चासाठी जुन्या राजवटींनी आणि सधन भक्तांनी जमिनी लावून दिल्या. देवस्थानच्या वारशात सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत जास्त भांडला जाणारा भाग तोच.

देव मालक कसा होतो

कायद्याला दोन तऱ्हेच्या व्यक्ती ठाऊक आहेत. एक तुमच्याआमच्यासारखी हाडामांसाची. दुसरी कायद्याने मानलेली, जिला विधिमान्य व्यक्ती म्हणतात. कंपनी, नगरपालिका, विद्यापीठ या सगळ्या अशाच व्यक्ती. त्या जमीन घेतात, दावे लावतात, हरतात, जिंकतात. हिंदू देवतेला भारतीय न्यायालयं गेली शंभरेक वर्षं याच रांगेत बसवत आली आहेत.

फरक एवढाच की देव बोलत नाही, सही करत नाही. म्हणून कायदा त्याला कायमचा अज्ञान, म्हणजे कधीच वयात न येणारा, धरतो. आईबाप गेलेल्या पुतण्याची मिळकत काकाकडे सांभाळायला असावी, तसं हे नातं आहे. काका शेत लावतो, पीक घेतो, पुतण्याच्या पोटापाण्यावर खर्च करतो, पण सातबारा पुतण्याचा. काकाने ते शेत आपलं म्हणून विकलं तर विक्री टिकत नाही. आणि काकाच लबाड निघाला तर घरातलं दुसरं कोणीही पुतण्याच्या वतीने कोर्टात उभं राहू शकतं. (मराठी माणसाला काका-पुतण्यांच्या गोष्टी जास्त खुलवून सांगायला नकोत.) देवळात काकाच्या जागी विश्वस्त किंवा वहिवाटदार असतात, आणि घरातलं दुसरं माणूस म्हणजे भक्त. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने विश्वनाथ विरुद्ध ठाकूर राधावल्लभजी या प्रकरणात नेमकं हेच सांगितलं. सांभाळणाराच देवाच्या हिताविरुद्ध वागला, तर साधा भक्तसुद्धा देवाच्या वतीने दावा लावू शकतो.

अयोध्येच्या खटल्यात 'रामलल्ला विराजमान' स्वतः वादी होता, तो याच वाटेने. १९८९ साली निवृत्त न्यायाधीश देवकीनंदन अगरवाल यांनी देवाचे वादमित्र, म्हणजे अज्ञानाच्या वतीने कोर्टात उभं राहणारे, म्हणून तो दावा लावला. २०१९ च्या निकालात न्यायालयाने देवाचं व्यक्तित्व मान्य केलं, पण जन्मस्थानाची जमीन ही स्वतःच एक व्यक्ती आहे, हे म्हणणं मान्य केलं नाही. डोंगरावरच्या देवस्थानांना हे तंतोतंत लागू पडतं. डोंगर कितीही पवित्र असला तरी कायद्याच्या नजरेत मालक होऊ शकतो तो देव, डोंगर नव्हे.

शेवटी दगडच ना तो?

हा आक्षेप येतोच, आणि तो घेणारे सगळे नास्तिक असतात असं नाही. दगडाला मालक म्हणणं म्हणजे अंधश्रद्धेला कोर्टाचा शिक्का, असं अनेकांना वाटतं.

न्यायालयांनी दगडाला मालक म्हटलेलंच नाही. दान देणाऱ्याचा जो धार्मिक संकल्प आहे, त्याला व्यक्ती मानलं आहे, आणि मूर्ती ही त्या संकल्पाची खूण. म्हणून मूर्ती भंगली, हलवली, चोरीला गेली तरी देवस्थानची मिळकत बेवारस होत नाही. १७२७ च्या लुटीनंतरही परशुराम देवस्थान राहिलं, ते कसं, याचं कायद्याच्या भाषेतलं उत्तर हेच. आणि म्हणूनच देणारा कोण, कोणत्या धर्माचा, याने फरक पडत नाही. संकल्प पूर्ण झाला की दिलेलं देवाचं.

प्रत्यक्षात ही कल्पना फार व्यवहारी आहे. हजारो भक्तांनी दोनशे वर्षं थोडंथोडं दिलेलं कोणाच्या नावावर ठेवायचं? पुजाऱ्याच्या नावावर ठेवलं तर त्याची मुलं वाटण्या मागतील. गावाच्या नावावर ठेवलं तर कोणतं गाव, कोणती वाडी, इथूनच सुरुवात. जो मरत नाही, लग्न करत नाही आणि ज्याला वारस नाहीत (मार्लेश्वराचं लग्न दरवर्षी लागतं, पण वारसाची नोंद तलाठ्याकडे अजून गेलेली नाही) असा मालक असला, की निदान वाटणीचा प्रश्न मिटतो.

कलकत्त्यातला खटला आणि आपला कौल

या विषयातला माझा सर्वांत आवडता खटला १९२५ सालचा. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात कुलदेवतेच्या पूजेच्या पाळ्या भावाभावांत वाटलेल्या होत्या. एक भाऊ म्हणाला, माझ्या पाळीत मूर्ती मी माझ्या घरी नेणार. भांडण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयापर्यंत, गेलं. मूर्ती ही टेबल-खुर्चीसारखी चल वस्तू असती तर भावांनी आळीपाळीने ती नेण्यात काही वावगं नव्हतं. पण न्यायाधीशांनी ती वस्तू मानली नाही. कुठे राहायचं याबद्दल देवाची इच्छा काय, ते पाहावं लागेल, असं ते म्हणाले. आणि ती इच्छा मांडायला, ज्याचा त्या भांडणात काडीचा स्वार्थ नाही असा माणूस देवाच्या वतीने नेमा, असा आदेश दिला.

लंडनमध्ये बसलेल्या न्यायाधीशांनी देवाची इच्छा विचारावी, याचं कायद्याच्या विद्यार्थ्यांना फार आश्चर्य वाटतं. तळकोकणातल्या माणसाला वाटणार नाही. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार काढायचा, जत्रेची तारीख हलवायची, अगदी घरचं लग्न ठरवायचं तरी देवाला कौल लावतात, म्हणजे त्याच्याकडे होकार-नकाराची खूण मागतात. उजवा पडला तर हो. गाऱ्हाण्यात देवाला समोर बसलेल्या वडीलधाऱ्यासारखं उद्देशून बोलतात आणि गाव मागून 'व्हय म्हाराजा' म्हणतो. देवाला मत असतं आणि ते विचारल्याशिवाय त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, ही समजूत इथे कोर्टाच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

अर्थात कोर्टात कौल पुरावा म्हणून चालत नाही. न्यायाधीश देवाची इच्छा म्हणजे देवाचं हित असं धरतात आणि ते कागदांवरून, वहिवाटीवरून, खर्चाच्या हिशेबावरून ठरवतात. गावात 'देवाने कौल दिला' एवढ्यावर देवस्थानची जागा कोणाला तरी कायमची देऊन टाकली असेल, तर तो व्यवहार कच्चा आहे.

इनाम म्हणजे जमीन दिली की महसूल?

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे, त्यामुळे जरा सावकाश.

इनाम म्हणजे राज्यकर्त्याने सनद देऊन दिलेली, सरकारी साऱ्यातून पूर्ण किंवा काही अंशी सुटलेली जमीन. हे देणं दोन प्रकारचं असे. कधी जमीनच दिली जाई. कधी जमीन मूळ धारकाकडेच राही आणि तिच्यावरचा सारा सरकारऐवजी देवाला मिळे. पहिल्या प्रकारात देव मालक. दुसऱ्या प्रकारात देव फक्त सारा घेणारा. बाहेरून दोन्ही जमिनींना लोक 'देवाची जमीन' म्हणतात, आणि तिथेच शंभर वर्षांनी भांडणाचं बी रुजतं. कोकणात त्यावर खोतीचा थर. सारा गोळा करणारा खोत, कसणारं कूळ आणि वर देवस्थान. एकाच तुकड्यावर तिघांचे हक्क एकावर एक बसलेले.

इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याखाली इनामांची तपासणी केली आणि सनदा पाहून कोणतं इनाम खरं, कोणतं पोकळ, हे ठरवलं. आजही महसूल खात्याच्या भाषेत देवस्थान इनाम म्हणजे 'वर्ग तीन'. स्वातंत्र्यानंतर खोती गेली, वैयक्तिक इनामं आणि वतनं गेली, पण देवस्थान इनाम राहिलं. आता त्या जमिनींचं पुढे काय करायचं, ही चर्चा विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा येते, कारण रस्ते, रिसॉर्ट आणि आंब्याच्या बागा या सगळ्यांनी कोकणातल्या कातळालासुद्धा भाव आणला आहे.

मग 'कसेल त्याची जमीन' कुठे गेलं?

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन यांनी राज्यातल्या असंख्य कुळांना मालक केलं. मग शेजारच्या खोताच्या जमिनीवरचं कूळ मालक झालं आणि देवाच्या जमिनीवरचं राहिलं, हा कुठला न्याय?

कूळकायद्याच्या कलम ८८ ब मध्ये धार्मिक आणि शैक्षणिक न्यासांना, म्हणजे ट्रस्टना, सूट आहे. पण ती आपोआप मिळत नाही. न्यास नोंदलेला हवा, जमिनीचं सगळं उत्पन्न त्याच्या कामासाठीच खर्च व्हायला हवं आणि तसं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायला हवं. ते असेल, तर कुळाला कूळ म्हणून काही संरक्षण राहतं, खरेदीचा हक्क मिळत नाही. नसेल, तर चित्र पार बदलतं. त्यामुळे एका गावातलं कूळ मालक आणि डोंगरापलीकडच्या गावातलं नाही, असं होतं आणि दोघांनाही आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटतं. माझं मत विचाराल तर देवाच्या नावावरची सूट ही देवाच्या खर्चापुरतीच टिकायला हवी. जिथे शेतसारा नाममात्र येतो आणि मोबदला कोटींत, तिथे चार पिढ्या चिखल तुडवणाऱ्याला वाऱ्यावर सोडून देवाचं हित साधलं, असं म्हणवत नाही.

महामार्गासाठी जमीन घेतली आणि मोबदल्याच्या वाटणीवर एकमत नसलं, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार तो वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. रस्त्याचं काम आणि पैशाची वाटणी ही दोन वेगळी प्रकरणं होतात. बातमीत मात्र 'देवस्थानमुळे रस्ता अडला' किंवा 'कुळांमुळे अडला' एवढंच उरतं.

पुजारी, विश्वस्त, सरकार

पुजारी किंवा गुरव मालक नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की महसुली कागदावर मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव हवं, पुजारी हा फक्त सेवा आणि व्यवस्था पाहणारा. पंढरपूरला तर १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्कच काढून घेतले आणि २०१४ मध्ये त्यावर शेवटचा शिक्का बसला. कोकणातल्या बहुतेक देवळांना असा खास कायदा नाही. त्यांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो.

त्या कायद्यातलं कलम ३६ प्रत्येक गावकऱ्याला ठाऊक असायला हवं. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय न्यासाची स्थावर मिळकत विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त आणि बिनशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त काळ भाड्याने द्यायची तरी परवानगी लागते. पायथ्याच्या वाहनतळावर कोणी नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने हॉटेल काढत असेल, तर पहिला प्रश्न परवानगीचा.

सरकारने हे सगळं ताब्यात घेतलंय का? नाही. धर्मादाय आयुक्त देखरेख करतात, मालक होत नाहीत. सिंधुदुर्गातली अनेक देवळं कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत, तिथेही हात व्यवस्थापनाचाच. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आलं तरी मालकी त्यामुळे जात नाही. १९५८ च्या कायद्यात तर संरक्षित प्रार्थनास्थळ त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामाला वापरायचं नाही, असं बंधन आहे.

देवराईचा वेगळा तिढा

देवळाभोवतीचं रान, म्हणजे देवराई, रत्नागिरी-सिंधुदुर्गात देवरहाटी. तिथली काटकी तोडायची नाही, हा गावाचा नियम. पण काही गावांत सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकारचं नाव असतं आणि देवरहाटीचा उल्लेख इतर हक्कांच्या रकान्यात. गावाला वाटतं रान देवाचं, कागद म्हणतो सरकारचं, आणि देवळाचा सभामंडप वाढवायला घेतला की मग हे कळतं. १८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या देवरायांबद्दल निकाल देताना त्यांची मोजणी करून त्यांना वनाचं संरक्षण द्यायला सांगितलं आणि देशभरासाठी धोरण करण्याची सूचना केंद्राला केली. आपल्याकडे त्याचा एक अर्थ रान वाचेल असा आहे, आणि दुसरा, रानात चिरा बसवायलाही परवानगी लागेल असा. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनं कौलारू देऊळ पाडून काँक्रीट ओतलेलं पाहिल्यावर मला दुसऱ्याची फारशी चिंता वाटत नाही.

कागद कुठे पाहायचे

देव अज्ञान आहे म्हणून त्याचं कोणी काही बळकावू शकत नाही, असा एक भाबडा समज आहे. दावा ठरावीक वर्षांच्या आत लावायला हवा, असं सांगणाऱ्या मुदतीच्या कायद्यातून न्यायालयांनी देवाला सरसकट सूट दिलेली नाही. सांभाळणारे झोपले, तर जमीन जाऊ शकते.

म्हणून तीन कागद काढावेत. एक, सातबारा आणि त्यावरचे जुने फेरफार. मालकाच्या जागी देवाचं नाव आहे की कोणा वहिवाटदाराचं, आणि ते कोणत्या साली, कशाच्या आधारे बदललं, हे त्यावरून समजतं. दुसरा, इनामाच्या नोंदींचं जुनं रजिस्टर, ज्याला महसुलात अजूनही एलिएनेशन रजिस्टर म्हणतात. जमीन दिली होती की सारा, याचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. तिसरा, धर्मादाय कार्यालयातलं परिशिष्ट एक. त्यात न्यासाच्या मिळकती आणि विश्वस्तांची नावं असतात. दागिने, तळं, पाखाडी, जमिनीचे गट क्रमांक यांपैकी काय नोंदलंय आणि काय राहिलंय, ते ताडून बघा. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. कित्येक देवस्थानांच्या परिशिष्टावर मात्र कधीचे वारलेले विश्वस्त अजून कारभार पाहत असतात, आणि गावची समिती व मुंबईकर मंडळ एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. कायद्यापुढे देवाच्या वतीने बोलायला मग कोणीच नसतं.

गणपतीला गावी जाणार असाल तर यासाठी सुट्ट्यांच्या पुढचा एखादा कामाचा दिवस राखून ठेवा. सातबारा घरबसल्या निघतो, परिशिष्टाच्या नकलेसाठी मात्र जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करावा लागतो. न्यासाचा नोंदणी क्रमांक आधी देवळाच्या पावतीपुस्तकावरून उतरवून घ्या, म्हणजे खेप वाया जात नाही.